साबीनबाईंचं ब्राझील

फेब्रुवारी १९८१, शुक्रवार दुपार. ठिकाण: बहारीन, मनामातलं आमचं घर. हजर: साबीनबाई लोपीस, आमचे हे आणि मी. विषय: जूनमध्ये ठरलेला यांचा ब्राझीलचा दौरा.

साबीनबाई मूळच्या वसईच्या, सलमानियाच्या हॉस्पिटलात नर्स. ड्यूटी संपवून थेट आल्या, बूट काढले, सुजलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर टेकवले आणि डोळे मिटून बोलू लागल्या. ब्राझील म्हटलं की त्या अशाच सुरू होत. बहारीनमधल्या आमच्या ओळखीत तिथे जाऊन आलेल्या त्या एकट्याच, आणि जे कधी जाणार नव्हते त्यांनाही त्यांनी सगळं ऐकवलं होतं. लोक कंटाळत. त्या स्वतःही कंटाळल्या होत्या, पण थांबत नसत.

"साहेब, बोटांचा गोल करून 'झकास' दाखवायचं नाही. तिथे ती शिवी. अंगठा चालतो. बायका गालाला गाल लावतात. वैनी, तुम्ही इकडे बघू नका. स्वेटर घ्या, जूनमध्ये तिथे थंडी. भाषेची काळजी नको, कितीतरी शब्द आपलेच: पाव, बटाटा, साबण, चावी. फक्त 'पगार' म्हणाल तर खिशात हात घालावा लागेल. तिथे पगार म्हणजे पैसे देणं!"

"माझा पगार इथेही तसाच जातो," हे म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "आणि रस्ता तिघांना विचारायचा. 'माहीत नाही' म्हणणं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून कुठेतरी बोट दाखवतात. मी सबंध दुपार तशी फिरलेय."

का फिरल्या होत्या, ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांचा धाकटा भाऊ बस्त्याव बोटीवर कामाला होता. ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरला तो परत चढलाच नाही. आई वसईला वाट बघत बसलेली. साठवलेली रजा आणि साठवलेले दिनार खर्चून साबीनबाई त्याला शोधायला एकट्या गेल्या आणि एकट्याच परतल्या. त्यांच्या सूचना सगळ्या त्या पायपिटीतून आलेल्या. त्यांत ना समुद्रकिनारे होते, ना धबधबे.

"चर्चमध्ये फादरना विचारू नका, झाडणाऱ्या बाईला विचारा. त्याचा फोटो लगेच दाखवायचा नाही, पोलीस समजतात. आधी कॉफी. इवलासा कप, नुसता साखरेचा पाक. नको म्हटलंत की खलास, दार बंद." मग पर्समधून बस्त्यावचा फोटो काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "आईला आता दिसत नाही नीट. आवाज ओळखते. एकदा घरी जा म्हणावं त्याला, साहेब."

कामाच्या धावपळीत माणूस कुठे शोधायचा? पण नाही कसं म्हणणार!

जूनच्या दौऱ्यात यांनी एक रविवार काढला. साओ पाउलोहून बसने सांतोसला गेले, तिघातिघांना रस्ता विचारला, चर्च झाडणारी बाई गाठली, गोड कॉफी प्यायले. आणि बस्त्याव सापडला. एका बेकरीत, पिठाने माखलेला, टक्कल पडलेला. बायको तिथली, मुली तिथल्या. मराठी शब्द चाचपडत बोलत होता. आईचं ऐकल्यावर भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "अमान्यां." म्हणजे उद्या. उद्या हॉटेलवर येतो, बोलू.

हे दोन मीटिंगा सोडून वाट बघत बसले. तो आला नाही.

परतल्यावर यांनी जसं घडलं तसं सांगितलं. साबीनबाई बराच वेळ फोटोचा कोपरा सरळ करत राहिल्या. "अमान्यां म्हणजे आपल्या इथलं 'बुक्रा, इंशाल्ला', साहेब. तो उद्या कधी येत नाही. तेवढंच सांगायचं राहिलं बघा माझ्याकडून." मग हळूच, "खातोपितो ना नीट?"

त्यानंतर ब्राझील बंद. कुणी मुद्दाम छेडलं, तरी "मफी", म्हणजे काही नाही, म्हणून हात झटकत. दर नाताळला मात्र बेकरीच्या पत्त्यावर कार्ड टाकत. तिकडून काही येत नसे.

चार वर्षांनी आई गेली. रजा मिळवून साबीनबाई पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. परत आल्या त्या राजीनामा लिहूनच. कायमच्या निघाल्या तेव्हा विमानतळावर मला म्हणाल्या, "वैनी, बस्त्यावला कळवलेलं नाही. फोनवर, कार्डावर नको वाटतं. समोर बसून कुणीतरी सांगायला हवं. साहेब परत गेले तर सांगतील? आईने राग धरला नव्हता, हेही सांगा म्हणावं."

मी हो म्हटलं. कंपनीने यांना पुन्हा तिकडे पाठवलं नाही. आता आम्हीही कायमचे निघालो आहोत. बँक, शाळेचे दाखले, गाडीची विक्री, सामानाची बांधाबांध, सगळं उरकलं. बस्त्यावला अजून सांगायचं आहे.