आठ आणि बाराच्या मधलं

माझी बायको सुमन आणि मी शेवटचं सोबत काय केलं, तर तुरीच्या शेंगा सोलल्या. फोन मधात स्पीकरवर ठेवला होता. पलीकडे नागपूरहून आमच्या ॲपचे मालक विवेक सर.

"काका, हिंगणघाटले जिनिंगच्या फाटकावरून कापसाच्या गाड्या वापस जाऊन राह्यल्या. आपलं ॲप म्हणते, माल ओला."

आमचं ॲप कापसातला ओलावा पाहून माल घ्यायचा की नाही ते सांगतं. ते लिहिणारे डेव्हलपर पगारी नाहीत. आपापली नोकरी सांभाळून हौसेनं लिहितात. त्यांना जोडून ठेवणं हे माझं काम. कार्डावर 'कम्युनिटी हेड' छापलं आहे. शिक्षण सातवी. तीस वर्षं जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होतो, म्हणजे कापूस हातात घेऊन त्याची प्रत ठरवायची. या पोरांना कापूस मीच शिकवला, म्हणून ते माझं ऐकतात.

ओलाव्याचा भाग हैदराबादच्या कावेरीनं लिहिला. मी तिला सांगितलं होतं, आठ टक्क्यांपर्यंत माल चांगला. आठ ते बारा असला तर भाव थोडा कापून घेतात, वापस करत नाहीत, हे सांगितलंच नाही. आमच्याकडे ते सगळ्यांनाच माहीत असतं. तिनं आठच्या वर सगळं वापस लिहून टाकलं.

"व्हॉलंटिअरच्या कोडमध्ये चूक होती, असं ग्रुपवर टाकतो," सर म्हणाले. "तुमचं नाव नको यायले. जिनिंगवाले तुमच्या भरोशावर ॲप घेतात."

मी शेंगा सोलत राहिलो. फोन ठेवल्यावर सुमन म्हणाली, "त्या पोरीले काऊन बोल लावून राह्यले? आकडा तर तुमी सांगतला."

"उद्या पाहू."

"पाहा. आन् शेंगा नीट सोला, अळ्या टाकून राह्यले दाण्यात."

दुपारी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत गेली.

तेरवी झाली त्या संध्याकाळी फोन उघडला. आकडा कोणीतरी दुरुस्त केला होता. पण सरांनी चूक कावेरीच्या नावानिशी टाकली होती. खाली नऊ डेव्हलपर ग्रुप सोडून गेलेले. कावेरीनं मला एकट्याला लिहिलं होतं, काकी गेल्याचं कळलं, आता विचारू नये, पण मला आठच सांगितलं होतं ना?

सरांना फोन लावला. "मी ग्रुपवर खरं सांगतो."

"काका, तुमी दुःखात आहा. राहू द्या. पोरं येतात, जातात. तुमच्यावरचा भरोसा गेला तर ॲप गेलं."

"बायको गेली म्हणून अक्कल नाई गेली माही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डेव्हलपरच्या आणि जिनिंगवाल्यांच्या, दोन्ही ग्रुपवर बोलून टाकलं. चूक माझी. आठ मी सांगितलं, बाराचं सांगायचं राहिलं. कावेरीनं मी सांगितलं तेच लिहिलं.

सरांचा फोन तीनदा वाजला. मी कावेरीला लावला.

ती म्हणाली, "काका, और क्या-क्या है जो वहाँ सबको पता है?"

या कामात जे सांगायची गरज वाटत नाही, तेच आधी सांगावं. मला हे सत्तरीत कळलं.

लिहून घे म्हटलं. फरदडीपासून सुरुवात केली, म्हणजे हंगाम संपल्यावरही झाड उभं ठेवून घेतलेला कापूस. साडेअकरापर्यंत बोलत होतो. घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं.