रुखवतातल्या वाट्या

मोठ्या बहिणीच्या लग्नात रुखवतात मांडायला काहीतरी नवं हवं म्हणून मी ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांच्या वाट्या केल्या. गरम पाण्यात तबकडी मऊ करायची, पितळी डब्यावर दाबायची आणि कडेला चुण्या पाडायच्या. साठ सालानंतर ही टूम अमरावतीत घरोघर शिरली होती. रेडिओ आले होते, चावीचे फोनो माळ्यावर गेले होते. अकोल्याच्या एका भंगारवाल्यानं तर आठ तबकड्या तिथल्या माझ्या मावशीला अशाच देऊन टाकल्या आणि तिनं त्या मला पाठवल्या. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मला वाटत होतं.

सात वाट्या झाल्या. आठवी तबकडी बुडवण्याआधी शेजाऱ्यांच्या फोनोवर लावली, तीही चेष्टा म्हणून. कुणाचं तरी रडगाणं असेल, तेवढंच हसू. पण शब्दच नव्हते. क्लॅरनेट आणि मँडोलिन एकमेकांना चिडवत वर वर चढत होते, मागे हलका ढोल. मध्येच ती चाल अशी काही वळली की मी थिजले. लेबलवर अकोल्याच्या एका बँडचं नाव होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी इथून जवळच्या अकोल्यात माणसं असं वाजवत होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता, याचा मला धक्का बसला आणि रागही आला. वडिलांना विचारलं.

"होता एक बँड," ते म्हणाले. "चालला नाही."

मग मला त्या सात वाट्या आठवल्या. वाट्यांच्या तळाची लेबलं झाकायला मी सोनेरी कागद चिकटवले होते. ते एकेक खरवडून काढले. सातांपैकी चार वाट्या त्याच बँडच्या होत्या. मला रडू आलं.

"कावून रडून रायली?" आई म्हणाली. "वाट्या तं झाल्या न चांगल्या."

लग्न दुसऱ्याच दिवशी होतं. मी गुपचूप कागद पुन्हा चिकटवले. एक फाटला; उघड्या लेबलवर लाडू नकोत, म्हणून ती वाटी मागच्या रांगेत रिकामी ठेवली. बाकीच्यांत बेसनाचे लाडू मांडले.

वऱ्हाडाबरोबर अकोल्याहून बँड आला होता. जेवणाआधी त्यातले पांढऱ्या मिशांचे क्लॅरनेटवाले रुखवत बघायला आले. बायकांच्या मागून बघता बघता त्यांची नजर त्या रिकाम्या वाटीवर गेली. त्यांनी ती उचलून तळ वाचला.

"बाई, हे कोनं केलं?"

"मी."

"आमचा जुना बँड हाये हा."

मी आत धावले आणि पेटीत जपून ठेवलेली आठवी तबकडी आणून त्यांच्या हातात दिली. "ही वाचली, काका. तुमी घ्या."

त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि परत केली.

"हे माह्यापाशी हाये. याच्यात मी वाजोलं." मग वाटीच्या चुण्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "याच्यात माह्या भावानं वाजोलं होतं. गेला तो. एवढी एकच तबकडी भरली त्यानं. लय वर्सं शोधून रायलो होतो."

वाटी माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "तापोलं तं सरळ होते का हे?"

त्या मांडवात याचं उत्तर फक्त मला माहीत होतं.

"सरळ होते, काका," मी म्हटलं. "पण वाजत नाही."