उलटा धरलेला कागद

बॉस्टनच्या कला महाविद्यालयात पहिल्याच आठवड्यात लिविया फेरांदीला सांगितलं गेलं की वाचायचं नाही. प्राध्यापक हॉलिस क्रेन यांनी एक छापील पान वर्गासमोर धरलं आणि उलटं केलं. म्हणाले, शब्द कळला की माणूस अर्थामागे धावतो आणि अक्षर बिचारं मागे राहतं. कागद उलटा धरा, म्हणजे कोणती दोन अक्षरं एकमेकांना खेटून बसलीत आणि कोणत्या दोघांनी अबोला धरलाय ते दिसेल. पोरंपोरी भराभर वह्यांत उतरवून घेत होती. लिविया मात्र गालात हसली, कारण तिचा बाप जन्मभर हेच करत आला होता.

बाप व्हरमाँट राज्यातल्या बॅरी गावचा. बॅरी म्हणजे ग्रॅनाइट. तिथे कोणी वारलं की लोक आधी हळहळतात आणि लगेच विचारतात, दगड कोणाकडे दिलाय. लिवियाचा बाप थडग्याच्या दगडांवर अक्षरं कोरायचा. चर्चच्या दप्तरात त्याचं नाव रायमोंदो जुझेप्पे असं भारदस्त होतं, पण त्या नावाने त्याला हाक मारणारं गावात कोणी उरलं नव्हतं. सगळ्यांचा तो मोंडी. बायको गेली तेव्हा तिचा दगड त्यानेच कोरला, खाली स्वतःपुरती कोरी जागा ठेवली आणि पुन्हा कामाला लागला. अक्षरांशी त्याचं जितकं जमायचं तितकं माणसांशी जमलं नाही. मुलगी शिकायला बाहेर पडली तेव्हा बसपाशी उभं राहून तो एवढंच म्हणाला होता, की तिकडे थंडी जास्त असते. बॉस्टन बॅरीच्या दक्षिणेला आहे, थंडी तिथे कमीच.

बोलता येत नाही म्हणून बापलेकीने एक वहिवाट पाडली होती. नवा दगड आला की मोंडी त्यावरचा मजकूर खाकी कागदावर पेन्सिलने काढायचा, गुंडाळी करून तिला टपालाने पाठवायचा. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. ती लाल पेन्सिलने खुणा करायची, हे अक्षर इकडे, ते तिकडे, आणि कागद परत धाडायची. वर्गातली इतर मुलं घरच्यांना खुशालीचे निरोप पाठवायची, हिचा निरोप म्हणजे लाल रेघा. आणि त्या दोघांना तो पुरायचा.

शेवटच्या वर्षी लिवियाने आपला टंक करायला घेतला. टंक म्हणजे एका वळणाची अख्खी अक्षरमाळा, तिच्यातून कुणालाही वाटेल तो शब्द जुळवता यावा. वळण अर्थातच बापाचं घेतलं होतं. मोठी अक्षरं झाली, छोटी होत आली. आकडे राहिले होते. क्रेनसर दर वेळी विचारायचे आणि ती दर वेळी नंतर म्हणायची. आकड्यांचा तिला कंटाळा होता.

अशा धामधुमीत, ऑक्टोबरात, बॅरीहून गुंडाळी आली. लिवियाने ती टेबलावर पसरली, सवयीने उलटी फिरवली आणि कामाला लागली. दोन ओळींचं नाव होतं, खाली जन्मसाल आणि त्यापुढे नुसती आडवी रेघ. कोणीतरी जुना इटालियन माणूस जिवंतपणीच दगड करून ठेवतोय, एवढं तिच्या डोक्याच्या कोपऱ्यात कुठेतरी नोंदलं गेलं असेल. बॅरीत त्यात काही विशेष नाही. डी थोडा डावीकडे हवा होता, ओ आणि एनमध्ये फट जास्त होती. तिने खुणा केल्या, समासात लिहिलं, ‘बाकी सुंदर’. आपल्या टंकासाठी उपयोगी पडेल म्हणून कागदाचा फोटो काढून ठेवला आणि गुंडाळी टपालात टाकली.

त्या कागदावर रायमोंदो जुझेप्पे लिहिलं होतं.

बापाने मरणाची बातमी आपल्याला जमेल त्या एकमेव भाषेत लेकीला कळवली होती, आणि लेकीने ती तपासून, सुधारून, सुंदर म्हणून परत पाठवली.

रविवारी फोन झाला. कागद मिळाला, मोंडी म्हणाला, तू सांगितलंस तसं केलंय. मग म्हणाला की त्याला वाटलं होतं, ती आणखी काहीतरी बोलेल. लिविया म्हणाली, नाही रे पप्पा, बाकी सगळं छान जमलंय. पलीकडून खोकल्याची उबळ आली. तिने औषध घे म्हणून सांगितलं आणि दोघांनी फोन ठेवले. नोव्हेंबरच्या अखेरीस सणाला घरी येणार का, असं त्याने विचारलं तेव्हा ती काम आहे म्हणाली. बरं, काम संपव, तो म्हणाला. शेजारच्या, त्याच्याच धंद्यातल्या लुसियेन ब्रोशूला मात्र त्याने अभिमानाने सांगितलं की पोरगी खंबीर आहे, डोळ्यातून टिपूस काढलं नाही. हे तिला फार नंतर कळलं.

डिसेंबरात सत्राची परीक्षा आली. प्रत्येकाने आपलं काम भिंतीवर लावायचं आणि त्याबद्दल बोलायचं. आपली अक्षरं कोणत्या वळणावरून घेतली ते दाखवायला लिवियाने त्या फोटोची मोठी प्रत काढली होती. ती चिकटवली तिच्या मैत्रिणीने, मार्गोने, आणि साहजिकच सुलटी चिकटवली. लिविया भिंतीकडे पाठ करून वर्गाला डी आणि ओचं नातं समजावत होती. क्रेनसर भिंतीजवळ गेले, चष्मा वर केला आणि सहज मोठ्याने वाचू लागले.

“रायमोंदो जुझेप्पे. एकोणीसशे अठ्ठावन्न. पुढे रेघ. म्हणजे हे गृहस्थ अजून आहेत तर?”

लिविया वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिने तो कागद वाचला. कुणीतरी खुर्ची पुढे केली ती तिला दिसली नाही. समोर तिच्याच लाल अक्षरांत, आता उलटं, लिहिलं होतं, बाकी सुंदर. मार्गो काहीतरी विचारत होती, पण लिवियाला फक्त त्या पेन्सिलच्या रेघा दिसत होत्या आणि त्या काढणारा हात. किती आठवडे हा माणूस आपल्या एका शब्दाची वाट बघत बसला असेल. ती तशीच बाहेर धावली आणि जिन्यात बसून तिने फोन लावला.

“पप्पा, त्या कागदावर तुझं नाव आहे.”

“हो मग. मी कुठे दुसऱ्याचं म्हटलं?”

“मी वाचलंच नव्हतं.”

फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. तो श्वासही धड नव्हता, हे तिला आता ऐकू आलं.

“उलटा धरलास?” त्याने विचारलं.

“हो.”

“मीच शिकवलं ना तुला,” मोंडी म्हणाला. “तू एवढुशी होतीस.”

मग तिचा संताप फुटला. तोंडाने सांगता येत नव्हतं का, असं ती ओरडली आणि त्याच दमात रडायला लागली. फुफ्फुसात गाठ आहे, तो म्हणाला, बर्लिंग्टनच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणतात उन्हाळा दिसेल, त्यापुढचं ते बोलत नाहीत. “दोन वेळा फोन उचलला होता गं. प्रत्येक वेळी तुला हवापाणीच विचारलं.”

दुसऱ्या दिवशी ती बॅरीच्या बसमध्ये होती.

टेकडीवरच्या दफनभूमीत बर्फ पडला होता. मोंडीला चढण झेपत नव्हती, म्हणून लुसियेन आपल्या गाडीतून दोघांना वर घेऊन गेला. आईच्या नावाखाली बापाचं नाव ताजं कोरलेलं होतं. इतका कडक दगड, इतकी आजारी छाती, आणि तरी त्याने ते काम दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. डी तिने सांगितला तेवढाच डावीकडे होता. ओ आणि एनमधली फट गेली होती. नाव आता खरंच जास्त चांगलं दिसत होतं, आणि ते तसं दिसतं याचा तिला भयंकर राग आला. रेघेच्या पुढे दगड कोरा होता.

“सालातलं वीस तरी कोरून ठेवायचं होतंस,” लुसियेनने टोमणा मारला. “पुढच्या माणसाचं काम हलकं.”

“माझ्या आईचं एकोणीस कोरून ठेवलं होतं,” मोंडी म्हणाला. “म्हातारी हट्टाने दोन हजार चारपर्यंत जगली. ते एकोणीस बुजवताना माझी अर्धी हयात गेली. पुढचं मी कोरणार नाही.” मग तो लिवियाकडे वळला. “कोरायला लुसियेन आहे. आकडे तू काढून दे. नाव माझ्या हातचं आहे, साल तुझ्या हातचं असू दे.”

“माझ्याकडे आकडेच नाहीत,” ती म्हणाली. “केलेच नाहीत मी.”

“मग कर.”

साल दोन हजार तेवीस होतं आणि तेही सरत आलेलं; डॉक्टरांचा उन्हाळा चोविसातला होता. कोणते आकडे लागणार ते तिघांनाही ठाऊक होतं.

ती सुट्टी संपेपर्यंत लिविया बॅरीतच राहिली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे काढले. चूल पेटलेली असायची, मोंडी खिडकीशी पांघरूण घेऊन बसायचा, चुलीवरचा मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायची आठवण करून द्यायचा. मधूनच ती मान वर करून त्याच्याकडे बघायची आणि तो झोपल्याचं सोंग करायचा. काम संपल्यावर तिने कागद त्याच्या मांडीवर ठेवला. त्याचा हात सवयीने कागद फिरवायला गेला. तिने तो धरला.

“असाच बघ,” ती म्हणाली. “वाच.”

त्याने वाचलं. एकेका आकड्यावर बोट ठेवत, शाळेतल्या पोरासारखं. नऊपाशी थांबला.

“नऊ फार छान झालाय. सगळ्यांत छान.”

“त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ दिला.”

मोंडीने मनाशी वर्षांचा हिशेब केला. त्याच्या चेहऱ्यावर तो हिशेब तिला स्पष्ट दिसला. त्याने बोट पुन्हा मागे नेलं, आणि कपाळाला आठ्या पडल्या.

“चार मात्र बिघडलाय, लिव्ही. उभी रेघ कलली आहे. असा चार कुणी दगडावर घालतं का?”

“माहीत आहे,” लिविया म्हणाली, आणि कागद त्याच्या हातातून काढून घेतला. “तो मी इतक्यात नीट करणार नाही.”