काट्यावरची खुर्ची

भद्रावतीकडच्या एका कोळसा खाणीत आमचे काटाबाबू बायबलचं एक पान वाचूनच वजनकाटा सुरू करायचे. रिकामा ट्रक तोलताना ड्रायव्हरसकट सगळ्यांना खाली उतरवायचे, कारण आत चार माणसं बसली की रिकाम्या ट्रकचं वजन जास्त भरतं आणि नंतर तितक्या वजनाचा कोळसा हिशेबात न येता चोरीला जातो. "प्रभूनं हमालाचा बाबू केला, तोच टिकवंल," म्हणायचे. मी अजून त्यांच्या हाताखालीच होतो; हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

एकदा त्यांनी खाणीच्या साहेबांच्या मेव्हण्याच्या ट्रकमधली माणसं उतरवली. आठवड्यात त्यांच्यावरच लाच खाल्ल्याची तक्रार झाली. साक्षीदार म्हणून सही मी केली. त्यांना कामावरून काढलं. जाताना त्यांनी खुर्ची पुसली आणि किल्ली माझ्या हातात दिली. "बस भाऊ. पण ट्रकवाल्याइले खाली उतरवत जाजो."

आता तिथे मी बसतो. ट्रकमधून कुणी उतरत नाही.