उकिरड्याचे पांग

"बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात," सत्यभामाबाई म्हणायच्या. कुणी रडत आलं तरी हेच, भात करपला तरी हेच.

बाई मूळच्या आर्वीकडच्या. नवरा श्यामराव भिलाईच्या कारखान्यात क्लार्क. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरमध्ये क्वार्टरमागे बाईंनी खड्डा खणून शेण-पाला कुजवायला घातला, तेव्हा शेजारणींनी नाकाला पदर लावले.

"लोक मले बाबू म्हणतात अन् तुले उकिरडेवाली," श्यामराव चिडले. "कावून लाज आणून राहिली?"

बाईंनी खड्ड्यातलं सगळं टोपलीत भरलं, टोपली डोक्यावर घेतली आणि सेक्टर संपतो तिथून पुढे, आमच्या गावात आल्या. गावात मराठी घर आमचं एकच, म्हणून बोलणं जुळवायला मी गेलो. गावातल्या शेतकरीण गयाबाईच्या घुरव्यात, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, बाईंनी टोपली रिकामी केली आणि आपली म्हण म्हटली. मी अर्थ सांगितला तशी गयाबाई हसत सुटली.

"घुरवा के दिन घलो बहुरथे! ये तो हमर गोठ आय!"

घुरव्याचेही दिवस पालटतात. तीच म्हण, तिच्या छत्तीसगढीत.

"तुही माय अन् माही माय एकाच पाटावर बसत होत्या का वं?" सत्यभामाबाई म्हणाल्या. मग त्या रोजच यायला लागल्या.

पोत्यातल्या खतानं आमची जमीन तेव्हा विटेसारखी झाली होती. भात निघाला की दाराला कुलूप लावून बायका नागपूरला विटा उचलायला जात. गयाबाईनं आणि तिच्या गोतातल्या बायकांनी लागून असलेले तुकडे एकत्र केले, घुरवा एकच ठेवला, पोतं बंद. सुरुवातीला पीक घटलं. पुरुष हसले. बाई आपली म्हण म्हणत राहिल्या आणि सेक्टरमधली भाजीची सालं आणत राहिल्या.

हळूहळू माती हाताला मऊ लागू लागली. नांगरामागं बगळे चालू लागले. पावसाळ्यात बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, पाण्यात बारके मासे आले, ते कालवणाला पुरत. भात कापल्यावरही ओल टिकायची, त्या ओलीवर लाखोळीच्या डाळीचं दुसरं पीक यायला लागलं. घरी पीक उभं असताना विटा उचलायला कोण जाईल? कुलपं खुंटीवर गंजली.

आणि श्यामराव रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं होतं. नागपूरला विद्याधरचा, मुलाचा, वरच्या मजल्यावर फ्लॅट.

"भात कापून जाऊ ना," बाई म्हणाल्या.

"क्वार्टर का माह्या बापाचं हाये?"

निघायच्या दिवशी त्या शेवटची टोपली घेऊन आल्या. आता सालं शेजारणीच आणून देत. भात दुधात आला होता. बाईंनी एक लोंबी दाबून पाहिली, दूध बोटाला लागलं, ते पुसलं नाही.

इतक्या वर्षांत गयाबाईला मोडकी मराठी आली होती. ती म्हणाली, "तुज्यामुळं आमचं नागपूर सुटलं, बहिनी. अन् तूच नागपूरले चालली?"

म्हण बाईंच्या ओठापर्यंत आली असावी. पण त्यांनी टोपली घुरव्यात उपडी केली आणि तिथंच ठेवली.

मग बांधावरून बसच्या रस्त्याकडे चालू लागल्या. डोक्यावर काही नव्हतं, तरी मान तशीच ताठ, एक हात टोपली सावरायला वर गेलेला. गयाबाई गुडघाभर भातात उभी राहून बघत होती. बस गेल्यावरही ती बाहेर आली नाही.