बुधवारच्या आधीचा रविवार

त्याच्या डाव्या पायाची बोटं आधी निळी आणि मग काळी पडली. साखरेचा आजार जुनाच होता, पण त्याने तो कधी मनावर घेतला नव्हता. इंदूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढावा लागेल म्हणून सांगितलं आणि ऑपरेशनला बुधवार ठरला. कळल्यावर मी देवासला त्याच्या घरी गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "रविवारी मांडूला जाऊ. एकदा माझ्या दोन्ही पायांनी फिरायचंय."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं असतं तर नको म्हणाले असते."

आम्ही तिघे शाळेपासूनचे मित्र. तो बदनावरला गणित शिकवायचा, निवृत्त होऊन घरी परतलेला. मी बँकेत होतो. तिसऱ्याचं कापडाचं दुकान. घर मराठी, पण दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्याची जीभ अर्धी हिंदी झालेली. आम्हा दोघांनाही तो 'भिया'च म्हणतो, म्हणजे भैया. गाडी त्याचीच होती.

वहिनींनी विरोध केला नाही. पट्ट्या, कापूस, मलम अशी एक पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "भावोजी, ह्यांना फार चालू देऊ नका." गाडी सुरू व्हायच्या आतच त्या घरात निघून गेल्या.

पावसाळा संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. धारला थांबून आम्ही तिथली जुनी लोखंडी 'लाट', म्हणजे स्तंभ, पाहिली, मशिदीबाहेर आडवी पडलेली. आमचा दुकानदार फलक मोठ्याने वाचायला लागला, "एक जमाने में यह खड़ी थी, अब इसके टुकड़े..." आणि मधेच गप्प झाला.

"वाच ना, थांबलास कायको?" त्याची नक्कल करत तो म्हणाला, पण वाचायची वेळच आली नाही. दुकानदार चहा सांगायला निघून गेला होता.

नालछा मागे पडलं, घाट लागला, तसा त्याचा चेहरा खुलला. मांडूच्या जहाज महालात तो खरोखर मजेत होता. पायाला जाड पट्टी, वर मोठ्या मापाची चप्पल, हातात काठी. तलावाकडच्या कमानीत त्याने आमचे फोटो काढले, बिनसाखरेचा चहा कडू लागतो म्हणून कुरकुर केली, एका टपरीवर मक्याचं कणीस घेऊन अर्धं मला दिलं. मला वाटलं, झालं, आता परत फिरू. पण त्याला रूपमतीच्या मंडपावर चढायचं होतं.

"खालून दिसतोय ना भिया, अच्छा दिसतोय," दुकानदार म्हणाला.

"मला वरून बघायचंय."

आम्ही त्याच्या दोन बाजूंना राहिलो. चढण फार नाही, पण तो दर थोड्या वेळाने भिंतीला टेकायचा. लग्न ठरलेलं एक जोडपं तिथे फोटो काढून घेत होतं. त्यांच्या फोटोत यायला नको म्हणून तो घाईने बाजूला सरला आणि वेदनेने डोळे मिटले. तरी वर पोचलो. निमाडचं मैदान पांढऱ्या धुक्याखाली बुडालेलं होतं. हवा स्वच्छ असली की इथून नर्मदेची रेघ दिसते. त्या दिवशी काहीच दिसलं नाही. आम्ही बराच वेळ बसलो.

मग त्याने विचारलं, "कापल्यावर पायाचं काय करतात रे?"

दुकानदार चिडला. "ये क्या बात हुई यार! कशाला असले विचार करतोस?"

"माझाच आहे ना तो. मी नको विचारू?"

मला माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं. तो बरं म्हणाला आणि पुन्हा धुक्याकडे बघत राहिला.

उतरताना पट्टीतून रक्त आलं. चप्पल ओली झाली. आम्ही दोघांनी हातांची बैठक करून त्याला उचललं. लोक बघत होते. त्याने मान खाली घातली ती गाडीत बसेपर्यंत वर केली नाही. घरी वहिनींनी पाटावर त्याचा पाय घेऊन पट्टी बदलली. मी माफी मागायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. जेवूनच जा."

बुधवारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी दवाखान्यातल्या माणसाने विचारलं, पाय नेणार की आम्ही विल्हेवाट लावू? मित्राचा मुलगा परदेशात, वहिनी आत मित्राजवळ. मी म्हणालो, नेतो. सही केली. पांढऱ्या कापडातलं ते गाठोडं मी मांडीवर घेऊन बसलो. अपेक्षेपेक्षा जड होतं. दुकानदाराने गाडी सावकाश देवासला आणली. स्मशानाच्या कडेला खड्डा खणून आम्ही ते पुरलं. काय म्हणायचं असतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. दुकानदाराने मातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "चल भिया." मला म्हणाला की त्या पायाला, मी विचारलं नाही.

तो घरी आल्यावर महिनाभर आमच्याशी धड बोलत नव्हता. एके दुपारी वहिनी आत गेलेल्या पाहून त्याने विचारलं, "कुठे ठेवलात?" मी सगळं सांगितलं, दुकानदाराचे शब्दही. तो हसला. हसता हसता त्याचं रडणं सुरू झालं, आणि ते थांबेपर्यंत मी त्याचा हात धरून होतो.

नकली पाय बसवायचं चाललं होतं. मापही दिलं होतं. पण थंडीत जखम पुन्हा चिघळली, विष वर चढलं आणि संक्रांतीच्या आधी तो गेला. वहिनी मुलाकडे गेल्या. त्यांचा फोन येतो. त्या माझ्या पाठदुखीची चौकशी करतात, मी तिकडच्या थंडीची.

परवा पुण्याहून भाची आली होती. तिला मांडू बघायचं होतं. मी तिला गाडी ठरवून दिली, डबा बांधून दिला आणि दुकानदाराकडे जाऊन बसलो. गिऱ्हाईक नव्हतं. दोघांनी चहा घेतला. ती कुठे गेली आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.