पायऱ्यांवरून येणारा आवाज

त्या वर्षी आमच्या क्लबच्या बास्केटबॉल टीमला हरवणं कुणालाच जमलं नव्हतं. साखळीतले सगळे सामने आम्ही जिंकले होते, काही तर इतके सहज की शेवटी शेवटी आमचे कोच, सर, राखीव मुलींना उतरवायचे. सातवीपासून एकत्र खेळणाऱ्या आम्ही तेव्हा अकरावीत होतो. मी पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन कुणाला द्यायचा ते ठरवणारी. आणि बास्केटखाली आमची विश्रांतवाडीची उंच मैत्रीण. तिच्या हातात बॉल गेला की आमच्यातल्या निम्म्या जणी बास्केट झालीच असं धरून मागे फिरायला लागायच्या, इतकी खात्री.

तिच्या घरची शेती. गाव शहरात आलं तरी थोडी जमीन राहिली होती, तिथे तिचे वडील मेथी-कोथिंबीर लावायचे. आम्ही सदाशिव पेठेतले. माझे बाबा शाळेत गणित शिकवायचे. बास्केटबॉल ते कधी खेळले नव्हते, पण मी खेळायला लागल्यावर नियमांचं पुस्तक आणून त्यांनी ते पाठ केलं. थंडीत पहाटे कानटोपी घालून कोर्टच्या कडेला उभे राहायचे, माझा सराव संपेपर्यंत. हेही लिहायलाच हवं.

त्यांची जीभ मात्र तिखट. शेजारी एकदा दारात हॉर्न वाजवत बसले, तर बाबा म्हणाले, "हॉर्न छान आहे हो. आता ब्रेकही बसवून घ्या." असले किस्से मी टीममध्ये कौतुकानं सांगायचे. सगळ्या हसायच्या.

बाद फेरी सुरू झाली आणि आई-वडील सामन्यांना यायला लागले. कोर्टलगतच्या सिमेंटच्या पायऱ्या भरून जायच्या. उपांत्यपूर्व सामन्यात सर बाकावरून एक सांगत होते आणि बाबा पायऱ्यांवरून दुसरंच. "उजवीकडून! उजवा हात कुठला ते विसरलीस का?" मी दोन्हीकडे बघत खेळले. कसंबसं जिंकलो. नंतर सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबांना सांग, कोच मी आहे." मी मान डोलावली. घरी बोलायचं धाडस झालं नाही.

उपांत्य सामना ज्यांच्याशी होता, त्यांना आम्ही साखळीत लोळवलं होतं. सुरुवातही चांगली झाली. मग आमच्या उंच मैत्रिणीला दोन फ्री थ्रो मिळाले, कुणीही न अडवता बास्केटमध्ये बॉल टाकायच्या दोन संधी. फ्री थ्रोच्या वेळी सगळे गप्प राहतात. पहिला चुकला. दुसरा रिंगला लागून बाहेर आला, आणि त्या शांततेत बाबांचा आवाज आला, "हात शेतावर विसरून आलीस का गं?"

लोक हसले. आमच्याच मुलींचे आई-वडील हसले. खालच्या पायरीवर तिचे वडील बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. ते मागे वळले.

"आवो सर, पोर हाय ती. खेळू द्या की."

"आम्ही खेळ बघायलाच बसलोय," बाबा म्हणाले. "ती सुरू कधी करणार, तेवढं विचारतोय."

पुन्हा हसू. तिचे वडील समोर वळले आणि नंतर त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर ती धावत होती, पण बास्केटखाली यायची थांबली. सरांनी टाइमआउट घेतला. ती खाली बसून बुटाची बांधलेली नाडी पुन्हा बांधत राहिली. खेळ सुरू झाला तसं मीच लांबून बॉल मारायला लागले. एक चुकला, दुसरा चुकला. बाबांच्या सूचना चालूच. शेवटी आमची एक मैत्रीण भर कोर्टवर माझ्या अंगावर ओरडली, "आधी तुझ्या बाबांना गप्प कर!" सगळ्यांनी ऐकलं. पुढचं नीट आठवत नाही. आम्ही हरलो, आणि एकमेकींना हात न लावता आपापल्या बॅगा उचलून निघालो.

घरी जाताना स्कूटरवर बाबा सरांच्या चुका सांगत होते. सिग्नलला थांबल्यावर मी म्हटलं, "बाबा, यापुढे तुम्ही मॅचला येऊ नका."

"यापुढे मॅच आहे कुठे?" ते म्हणाले. सिग्नल हिरवा झाला.

पुढच्या रविवारी मी बसनं विश्रांतवाडीला गेले. तिच्या वडिलांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. "सर बरे हायेत ना, तुजे बाबा?" त्यांनी विचारलं. मी कपाकडे बघत "हो" म्हटलं. मग ते भाजीला पाणी द्यायला गेले.

"तू कशाला आलीस?" ती म्हणाली.

"सॉरी म्हणायला. बाबांच्या वतीनं."

"आणि तुझ्या?"

"माझ्या कशाला?"

"ते बोलल्यावर तू मला एकदाही बॉल दिला नाहीस."

"तू मागितलाच नाहीस."

"आधी कधी मागायला लागायचा का?"

तिचं खरं होतं. तिच्याकडे बॉल टाकला आणि तिचा पुन्हा चुकला, तर बाबा आणखी काही बोलतील, याची मला भीती वाटली होती. तिच्यासाठी वाटली की माझ्यासाठी, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

कुठे गेले होते ते संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"चहा घेतलास त्यांच्याकडे?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि आत गेले. त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

ती दुसऱ्या क्लबात गेली. आणखी दोघी बारावीचं कारण सांगून थांबल्या. सर लहान मुलींची नवी बॅच घेऊन बसले, आणि मीही परत गेले नाही.

मागच्या महिन्यात, इतक्या वर्षांनी, कामासाठी येरवड्याला गेले होते. एका शाळेच्या कुंपणातून ती दिसली, गळ्यात शिट्टी, भोवती मुली. एकीचा बॉल चुकला तशी ती तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी सांगायला लागली. मी स्कूटर कडेला घेतली. आत जावं, निदान हाक मारावी, असं वाटलं. मग तिनं मान वर केली, आणि मी हेल्मेट न काढताच निघाले.